नॉर्वेचं भूत आणि माझी दहा मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. निपाणीचे दीपंकर सर बेळगावात फिल्म क्लब चालवतात. तेवीस तारखेला सकाळी दहाला ते नॉर्वेचा नवा सिनेमा दाखवणार आहेत. जंगल, जुने देव, आणि शेपूट असलेली रानातली बाई. सिनेमाआधी दहा मिनिटं मी बोलायचं! विषय: 'भीती म्हणजे काय?' भयपटांवर बेळगावात माझ्याइतका अधिकार कुणाचा नाही, असं मीच सरांना सांगितलं होतं. त्यांना पटलं.
संकल्प: ट्रेलर रोज दहा वेळा. भाषण तोंडपाठ.

४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
ट्रेलर दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. अकरा सेकंद पाहिला. रेंज गेली. वायफायची रेंज अशी जात नाही, असं बायको म्हणाली. ही प्रियदर्शनी स्वतः पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवते, तरी असं बोलते.

७ नोव्हेंबर
नॉर्डिक पुराण वाचायला घेतलं. विश्वाच्या मधोमध एक प्रचंड झाड. त्यावर एक खार. वरच्या गरुडाच्या चहाड्या खालच्या नागाला सांगते आणि नागाच्या गरुडाला. आमच्या बँकेत ही पोस्ट भरलेली आहे.
पुढच्या पानावर त्या नागाचं चित्र निघालं. पुस्तक पालथं घालून वर डिक्शनरी ठेवली.

१० नोव्हेंबर
नॉर्वेची सवय हवी म्हणून बँकेतला एसी सोळावर ठेवला. मॅनेजर मॅडम कन्नडमधून बोलल्या. मी मराठीतून शिंकलो.

१२ नोव्हेंबर
ताप. संकल्प तूर्त स्थगित.

१६ नोव्हेंबर, रविवार
प्रत्यक्ष सराव. भर दुपारी कणकुंबीच्या रानात एकटा गेलो. पाऊण तास बसायचं ठरवलं होतं. चौथ्या मिनिटाला झुडपातून शेपूट दिसलं. शास्त्रीयदृष्ट्या ती म्हैस होती, पण हे मला गाडीपाशी पोचल्यावर गुराख्याकडून कळलं. माझी चप्पलही त्यानंच आणून दिली. सराव यशस्वी.

२० नोव्हेंबर
जांबोटीहून नागुबाई आत्या आलीय, डोळे दाखवायला. वय शहात्तर. वक्त्याच्या घरच्यांना पुढची रांग राखीव आहे, तर प्रियदर्शनी तिलाही नेणार म्हणते. मी विरोध केला. जुनं माणूस, झेपायचं नाही. शेवटी आत्याला म्हटलं, भीती वाटली तर माझा हात धर. धरीन की रं लेकरा, म्हणाली.

२२ नोव्हेंबर
भाषण तयार. सार: भीती हे अज्ञान आहे. ट्रेलर एकोणीस सेकंदांपर्यंत आलाय. आवाज बंद, प्रियदर्शनी शेजारी.
खरं सांगायचं तर उद्याचं नीट व्हावं असं फार वाटतं. वीस वर्षं काउंटरला बसून लोकांचं ऐकतोय. एकदा लोकांनी माझं ऐकावं.

२३ नोव्हेंबर, दुपारी २
हॉल भरलेला. 'भीती हे अज्ञान आहे' एवढं म्हणालो आणि ऑपरेटरनं चुकून दिवे घालवले. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माईकमुळे मोठा वाटला. सिनेमा सुरू झाला असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग सरांनी तो सुरूच केला. भाषण एकूण चाळीस सेकंद. थोडक्यात बोलणं हाही गुण आहे.
सिनेमात शहरातली माणसं रानात जाऊन जुनं झाड तोडतात. पुढचं मी डोळे मिटून, एकाग्रतेनं पाहिलं. आत्या मोठ्यानं सांगत होती, आगं, राखण न्हाय दिली ह्येंनी! कुऱ्हाड घालायच्या आधी रानाच्या राखणदाराला नारळ नको व्हय? मग ती बाई कोपणारच की! मधेच मला म्हणाली, उघड रं डोळं, गेली ती. सगळा हॉल तिचं ऐकत होता. संपल्यावर तिच्याभोवती ही गर्दी. माझा हात तिच्या हातात असल्यामुळे मीही त्या गर्दीत होतो.

२५ नोव्हेंबर
दीपंकर सरांचा फोन. मी हॅलो म्हणताच त्यांनी आत्याला मागितलं. पुढच्या महिन्यातल्या सिनेमाआधी तिनं बोलायचं. अर्धा तास. माझ्यावरही मोठी जबाबदारी आहे: तिला जांबोटीहून आणणं आणि परत सोडणं. म्हटलं, वाटेत तुला भाषणाचं थोडं मार्गदर्शन करीन. आत्या म्हणाली, कर की. पर उजेड हाय तवर मला सोडून माघारी फीर. वाटंला रान लागतंय, तू लई भितोस.