जागलीच्या बॅटरीचे सेल

बुधवार, दिवेलागणीनंतर

मोठ्या बॅटरीचे सेल बसले म्हणून सकाळी हे अन् मी भैंशाच्या बाजारात जाऊन आलो. हरभऱ्यात रानडुकरं येऊन राह्यले, त्या बॅटरीशिवाय ह्यायची रातची जागल होत नाही.

दुकानदारानं चार्जिंगचे दोन तऱ्हेचे सेल पुढं ठेवले. आकार एकच, पण एक जड, एक हलका. मी म्हटलं, जड घ्या. ह्यायनं दोन्ही तळहातावर जोखून पाहिले, जन्मभर कापूस जोखला तसे. म्हणाले, "कापसात जड माल म्हंजे पाणी मारलेला. हलकाच दे."

दुकानदार हसला. "काका, सेलमदी हलका म्हंजे पोकळ."

तरी हलकाच घेतला. काऊन ऐकत नाही हा माणूस कोणाचं? एवढा त्या हातावर भरवसा.

दुपारभर चार्जिंगले लावले होते. रोज शेतात पोचले की हे आपल्या अंगणातल्या कडुलिंबावर दोनदा उजेड मारतात. म्हंजे पोचलो. मग मी जेवाले बसते. आज कडुलिंबावर एकदा उजेड पडला, पिवळा झाला अन् विझला. दुसऱ्यांदा आलाच नाही. ताट वाढलेलं, पण बसू कशी?

मग दूर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बारका ठिपका दिसला. मोबाईलचा उजेड, तो कडुलिंबापर्यंत कुठून पोचणार? म्हणून ह्यायनं हात उंच करून हलवला. दोनदा.

उद्या जड सेल आणायचेच. ठिपका विझला, अन् मी जेवाले बसले.