फाटकापाशी आलेली बाई

बुलढाणा
१२ नोव्हेंबर २०१९

ती. गोजरबाई हिस,
नमस्कार.

नेपाळहून परत आले. तब्येत बरी आहे. तिथे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आमच्या चर्चचे आम्ही सहा जण तिथल्या अनाथ मुलांच्या एका वसतिगृहात आठवडाभर सेवेला गेलो. बाकीच्यांनी गाणी, गोष्टी, खेळ घेतले. मी मुलांचे कान तपासले.

२. ग्रेस नावाच्या मुलीला ऐकू येत नाही, हाकेला बघत नाही, असं वॉर्डनबाईंनी सांगितलं. मी दोनदा मशीन लावलं. दोन्ही कान चांगले आहेत.

३. शनिवारी फाटकापाशी एक बाई आली. हळूच म्हणाली, "मंजू." अंगणाच्या टोकाला पाठमोरी बसलेली ग्रेस वळली आणि धावत गेली.

४. मागून वॉर्डनबाई आल्या. मुलगी त्या बाईला "सानीमा" म्हणाली. नेपाळीत सानीमा म्हणजे मावशी.

५. सोबत आलेल्या पाळकसाहेबांनी मला विचारलं, कोण गं ती? मी म्हणाले, "मावशी आहे तिची."

यापुढचं मला क्रमाने लिहिता येत नाही.

ती तिची आई होती. मला कुणी सांगितलं नाही. तो शब्द उच्चारायच्या आधी मुलीने वॉर्डनबाई किती लांब आहेत ते पाहिलं. मीही तसंच बघायचे.

तू विसरली नसशील. गावात सगळ्यांनी बीटी कपाशी लावली होती, पण पाऊस गेला, बोंडं धरली नाहीत आणि तुला वेचणीच मिळाली नाही. बाबा आधीच गेलेले. इथल्या चर्चच्या होस्टेलात फक्त आईबाप नसलेल्या मुली घेत. दारात तू माझ्या वेणीची रिबन पुन्हा बांधलीस आणि म्हणालीस, "इथं मले मावशीच म्हणजो. आई म्हटलं त घरी धाडतीन तुले."

मी चुकले नाही. कधीच नाही. तू रविवारी भाकर आणि ठेचा घेऊन यायचीस, तुझी बोटं बोंडांनी ओरबाडलेली असायची, आणि मी विचारायचे, मावशी, कशी आहेस? वॉर्डनबाई मला शहाणी मुलगी म्हणायच्या.

नोकरी लागल्यावर मी फोन केला आणि मावशी म्हणाले, तेव्हा तू हसून विचारलंस, "काऊन वं पोरी, आता कोणती वॉर्डनबाई आयकून राह्यली?" रेंज जातेय असं सांगून मी फोन ठेवला. रेंज होती. तोंडून दुसरा शब्द येत नव्हता. म्हणून हे पत्र. शाइस्ताला मोठ्याने वाचायला सांग. शेजारीण आहे, तिला एवढं तरी माहीतच असेल.

परतीच्या बसमध्ये सगळे रडले. मी मशीनच्या वायरी गुंडाळून पेटीत ठेवल्या. मला काही वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही. कामावर जाते, जेवते. एवढंच की कान तपासताना समोरच्याला आवाज आला की बटण दाबायला सांगते आणि त्याने दाबलं की नाही याकडे लक्ष राहत नाही.

मंजूबद्दल मी इथे कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर तिला तिथून काढतील. माझं मात्र शिक्षण झालंय. मला आता कुणी घरी धाडू शकत नाही.

रविवारी, २४ तारखेला, चर्चमध्ये आम्ही सहा जण सेवेबद्दल बोलणार आहोत. प्रत्येकाच्या घरच्यांना पुढे बोलावून प्रार्थना करतात. माझ्याबरोबर नेहमी पाळकसाहेबांच्या पत्नी उभ्या राहतात. या लोकांनी मला शिकवलं. तुला पाहून ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. काहीजण माझ्याशी बोलायचे थांबतील. होस्टेलात आता ज्या मुली आहेत त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी आधी पाळकसाहेबांना एकटी भेटेन.

ऐन वेचणीत तुझा दिवस बुडेल, हे कळतं. तरी अमडापूरहून सकाळच्या एसटीने ये. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बस. सगळ्यांसमोर मी तुला हाक मारीन. कोणती, ते तुला कळलं असेल.

येणार की नाही, ते गुरुवार २१ तारखेपर्यंत शाइस्ताच्या फोनवरून कळव.

तुझी मुलगी,
काजल