कोटातला फोटो

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांचा तो फोटो काढला त्या सकाळी मी नळावर हंडे भरत होते. हे कापड गिरणीतली रात्रपाळी करून आले आणि बनियनवरच ओट्यावर चहा घेत बसले. केसांत लूमवरचा कापूस. आमच्या संदीपने मोबाइलवर फोटो काढला. हे गेल्यावर तोच फोटो भिंतीवर लागला, पण स्टुडिओवाल्याने त्यांना कोट-टाय चढवला. केसही काळेभोर केले.

आज वाचनालयातून जुन्या फोटोंचं पुस्तक आणलं. शंभर वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसाने कामगारांच्या घरांत काढलेले. बाई कपडे पिळतेय, नवरा मळक्या सदऱ्यात पोराला भरवतोय. त्याने कुणालाच कपडे बदलायला लावले नाहीत. मग ह्यांनाच का कोट?

संदीपला विचारलं तर हसला. "आई, बाबा भिंतीवर बनियनवर? पाहुणे काय म्हणतील?"

"म्हणतील, ड्युटीवरून आलाय."

"तू पण ना!"

मन थाऱ्यावर नाही. हल्ली डोळे मिटले तरी कोटच दिसतो. तो कापूस कानावरच्या केसांत होता की कपाळावरच्या? आठवत नाही. असं कसं आठवत नाही?

बुधवार

संदीपचा मोबाइल मागून घेतला, स्टुडिओत गेले आणि त्यातला मूळ फोटो बनियनसकट मोठा करायला दिला.