शेवटच्या तोडणीचं लेबल

प्रिय छापखानेवाल्या,

लेबलाचा मजकूर सोबतच्या पाकिटात आहे, पण ते पाकीट आधी फोडू नकोस. आधी हे वाच. मालक सोमवारी गोड वाइनची टाकी चाखायला आणि लेबलाचा नमुना बघायला येणार आहेत. त्याआधी मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय. ते केलंस तर माझी नोकरी बहुतेक जाईल. फोन केला असता तर तू मध्येच काहीतरी विनोद केला असतास, मी चिडून फोन ठेवला असता आणि विषय तिथेच राहिला असता. सहा वर्षांपूर्वी वेगळे होतानाही आपण हेच केलं. म्हणून पत्र लिहितेय. अक्षर वाईट आलंय, कारण दमलेय. यंदा जरा जास्तच दमलेय.

गोड टाकी मंगळवारी दुपारी साडेतीनला थांबवली. तू तोडणीला एकदाच आला होतास, तोही टोपी विसरून, त्यामुळे तुला उन्हापलीकडे काही आठवत नसणार. म्हणून पुन्हा सांगते. बाकीची बाग तोडून झाली की विहिरीकडचा पांढऱ्या द्राक्षांचा एक तुकडा आम्ही तसाच ठेवतो. पुढचे पाच आठवडे ऊन वाढत जातं, मणी सुकून सुरकुततात, आतला रस घट्ट होत जातो. थंड मुलखात हे काम म्हणे निवांत चालतं. आपल्याकडे वेलींना झोपच नाही. वर्षातून दोनदा छाटून त्यांना जबरदस्तीनं विश्रांती द्यावी लागते, आणि या पाच आठवड्यांत ऊन, पाखरं, मुंग्या, मधमाश्या सगळे एकदम तुटून पडतात. मी रोज सकाळी जाळीखाली वाकून फिरते. पाहुण्यांच्या माहितीपत्रकात माझा तसा एक फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘वेलींशी बोलताना’. खरं तर तेव्हा माझी कंबर धरली होती.

अवघड भाग टाकीत असतो. रस आंबायला लागला की यीस्ट साखर खात सुटतं. सगळी खाऊ दिली तर गोडवा जातो. म्हणून मधेच टाकी एकदम गार करून ते थांबवायचं. एक दिवस आधी थांबवलं तर सरबत होतं, एक दिवस उशीर झाला तर नुसतं जिभेला झोंबतं. यंत्र साखर सांगतं, आंबटपणा सांगतं, पण ‘आता’ असं काही सांगत नाही. ते सांगायचं काम बावीस वर्षं माझं. मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आधी माझ्या नाकाची करून देतात आणि मग माझी.

तर, ते नाक गेलंय. लिहून टाकलं एकदाचं.

दोन वर्षांपूर्वी तीन दिवस ताप आला होता. तुला कळवलं नव्हतं, कोणत्या तोंडानं कळवणार होते? ताप उतरला आणि चौथ्या दिवशी शेजारीण दार वाजवत आली, की अहो, दूध करपलंय, सगळ्या जिन्यात वास सुटलाय. मी बाजूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मधलं दार सताड उघडं होतं. ती गेल्यावर मी वेड्यासारखी घरातलं एकेक हुंगत सुटले. साबण, कॉफी, फिनेलची बाटली, तुझी मागे राहिलेली बूटपॉलिशची डबी. कशालाच काही नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाहीही येणार. जिभेला गोड, आंबट, कडू एवढं कळतं. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते सगळं नाकाचंच असतं, हे मीच नव्या मुलींना शिकवत आले.

कुणालाच सांगितलं नाही. वाइन करणाऱ्या बाईचं चौपन्नाव्या वर्षी नाकच गेलं, तर तिला कोण ठेवून घेणार? पहिल्या वर्षी मी पाखरांच्या भरवशावर तोडणी केली. ज्या ओळीत बुलबुल जाळीला भोकं पाडतात ती ओळ तयार, असं धरून चालले. हसू नकोस. ते चाललं बऱ्यापैकी. पण टाकीत पाखरं कुठून आणायची? मग मी द्राक्षं निवडायच्या टेबलावरच्या मावशीला बोलावलं. तू तिला पाहिलंयस, ठेंगणी, नाकावर घसरलेला चष्मा, तुला टोपी दिली होती तीच. तिला म्हटलं, सहज बघ गं, तुला कसं वाटतंय. ती चाखायची, थुंकायची, पाण्यानं तोंड धुवायची आणि सांगायची, आज साबणाचे हात नीट न धुता फळ खाल्ल्यासारखं लागतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, लोखंडाची कडी चाटल्यासारखं. तिसऱ्या दिवशी तिनं ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही आजवर कधी कुणाला विचारलं नाहीत. नाक गेलं का तुमचं?” मला तिथेच, टाकीला टेकून, रडू आलं. तिनं समजूत वगैरे घातली नाही. दार लावून घेतलं आणि म्हणाली, “उद्या दुपारी थांबवा. आज घाई होईल.”

ती म्हणाली तेव्हा थांबवली. त्या वर्षीची बाटली चाखून तू चिठ्ठी पाठवली होतीस, ‘आजवरची तुझी सगळ्यात चांगली.’ बक्षीसही त्याच वाइनला मिळालं. मी व्यासपीठावर उभी राहिले, परीक्षकांनी मधाचा आणि सुकल्या जर्दाळूचा वास वाखाणला, मी मान डोलावली. मावशीनं या सगळ्याबद्दल काय मागितलं असेल? टेबलापाशी बसायला पाठीची खुर्ची. ती आणून द्यायला मला आठ महिने लागले. विसरत होते असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे खुर्ची का, असं कुणी विचारलं तर काय सांगू, याची भीती वाटत होती. इतकी मी भित्री झाले होते. गेल्या वर्षी पुन्हा तेच, यंदा पुन्हा तेच. मंगळवारी तिनं साडेतीनला मान हलवली आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘आता’ म्हणून ओरडले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तुझ्याही बाबतीत एक कबूल करायचंय. मी सगळ्यांना सांगते की तू सोडून गेलास. पण रोज जेवताना मी तुला परीक्षेला बसवायचे. दोन ग्लास पुढे ठेवायचे, आणि तुला फरक कळला नाही की चार माणसांत तुझी टर उडवायचे. शाईच्या वासात जन्म काढलेल्या माणसाला नाक कुठून असणार, म्हणायचे. तू हसून घ्यायचास, मला वाटायचं तुला चालतंय. आता मालक ग्लास पुढे करतात तेव्हा मला तुझं ते हसणं आठवतं. फार वाईट वागले मी तुझ्याशी. माफ कर.

आता पाकीट फोड. मजकूर गेल्या वर्षीचाच आहे, फक्त साल बदललंय. तळाशी जिथे दरवर्षी माझी सही छापतोस, तिथे मावशीची छापायची. परवा तिला सांगितलं तर आधी माझ्यावरच खेकसली, “मला नसत्या भानगडीत ओढू नका.” मग कागद घरी घेऊन गेली आणि काल तीन सह्या करून आणल्या. पहिल्या दोन तिनंच खोडल्यात. तिसरी घे. तिची काळजी करू नकोस, मालक तिला दुखावणार नाहीत. ती नसेल तर पुढच्या वर्षी टाकी थांबवणार कोण? सोमवारी मी मालकांना सगळं सांगायचं ठरवलंय. पण माझं ठरवणं तू चांगलं ओळखतोस. मालक हसत येतील, पहिला ग्लास माझ्या हातात देतील, आणि मी तो नाकाशी नेऊन डोळे मिटेन आणि काहीतरी सुंदर बोलेन. दोन वर्षं हेच करत आलेय. म्हणून नमुना पाठवू नकोस. सगळी तीन हजार लेबलं शनिवारीच छापून टाक आणि सोमवारी दहाच्या आत गठ्ठे घेऊन तू स्वतः ये. मालकांच्या आधी टेबलावर मांडून ठेव. मी फाटकाशीच तुला अडवेन, घाई झाली म्हणेन, पुढच्या वर्षी बघू म्हणेन. माझं काही एक ऐकू नकोस, मला बाजूला सारून आत जा.

तुझीच
(सवयीनं लिहिलं गेलं, पण खोडत नाही)