मेघनाची गाडी खालीच आहे

मंगळवार, संध्याकाळ. खराडी.

समोरच्या मेघनाची गाडी अजून खालीच उभी आहे. हप्ते तिचेही थकलेत, माझेही थकले होते. आज वसुलीची माणसं आली, तर ही दारातच म्हणाली, "आधी नोटीस आणि ओळखपत्र दाखवा. जबरदस्तीने गाडी नेता येत नाही." मुकाट्याने परत गेली माणसं!

दिवाळीनंतर हीच माणसं माझ्याकडे आली, तेव्हा मी काय केलं? चहा दिला. वर गाडीची किल्लीही दिली. शेजारी ऐकतील म्हणून आवाजसुद्धा चढवला नाही. मेलीला बरं सुचतं सगळं!

मघाशी विचारायला आली, "ताई, तुमचं पार्किंग सावलीतलं आहे. रिकामंच असतं ना आता? माझी गाडी लावू?"

लाव म्हटलं. वर चहाही दिला.