झाडाचं पाण

बाई, तुमच्याशी एकदा कडकडून भांडायचं राहून गेलंय. तुम्ही होतात तेव्हा माझी छाती झाली नाही, आणि छाती झाली तेव्हा तुम्ही नव्हतात. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढं गेलंय, तेव्हा मुकाट्यानं ऐका.

साताऱ्याचं आपलं ट्रेनिंग कॉलेज आठवतं. लढाईचे दिवस, रेशनची तांबडी ज्वारी खाऊन सगळ्या मुलींची पोटं बिघडलेली. मी म्हसवडकडच्या मेंढपाळाची पोर, फायनल पास झालेली. आमच्या घरात ‘ण’ नावाचं अक्षरच नव्हतं. आम्ही पानी प्यायचो, लोनी खायचो, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. निवडीच्या दिवशी तुम्ही एकेकीला पुढं बोलावून ‘पाणी, लोणी, आणि’ म्हणायला लावलंत. मी ‘पानी’ म्हटल्याबरोबर तुमच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, हिला परत पाठवा. तुम्ही म्हणालात, “पहिल्या पाठापर्यंत राहू दे. जिभेला वळण लागलं तर ठीक, नाहीतर जाईल गावी.” गावी चुलत्यानं माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. मी तसं तुम्हाला सांगितलंही होतं. मग काय, मी झपाटल्यासारखी ‘ण’ घोकायला लागले. भाकरी थापताना ण, न्हाणीत ण. इतका की जिथं नको तिथंही तोच यायला लागला.

पाठाचा दिवस. सराव शाळेतला दुसरीचा वर्ग, तुम्ही मागच्या बाकावर ताठ बसलेल्या. माझ्या हातात पिंपळाचं पान. मी तोंड उघडते आणि म्हणते, “मुलांनो, हे झाडाचे पाण आहे. पाणाला देठ असतो.” मुलं एकमेकांकडं बघतात. पुढची एक चिमुरडी उठून विचारते, “आवं बाई, पाण म्हंजी काय वं? हे तर पान हाय!” माझ्या मैत्रिणी तोंडाला पदर लावतात. बाई, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेला तो ण चुलीत! “व्हय गं बाय,” मी म्हटलं, “पानच हाय. तुज्या शेळीला कशाचा पाला घालतीस?” ती म्हणाली, “शेवरीचा.” दुसरा ओरडला, “बाभळीचा बी खाती, काट्यासकट!” तिसरा म्हणाला, उसाचं पान हात कापतंय, आणि कापलेलं बोट दाखवायला थेट माझ्यापाशी आला. सगळा वर्ग बोलायला लागला. तुम्ही मात्र पाठ संपायच्या आत उठून गेलात.

खोलीत बोलावून म्हणालात, “वर्ग घेत होतीस की मेंढरं हाकत होतीस? इन्स्पेक्टर हसतील तुला.” मी म्हटलं, “हसू द्यात की. पोरं बोलली न्हवं?” तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. मग म्हणालात, “मला हसले होते.” आणि लगेच आवाज चढवून, “उद्या हाच पाठ परत घे. पान आणि पाणी, दोन्ही नीट म्हणून!”

मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, आणि राहिले. ते तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पुढं सांगलीच्या ट्रेनिंग कॉलेजात मुली निवडायच्या खुर्चीवर मीच बसले. एकीलाही ‘पाणी’ म्हणायला लावलं नाही, सांगून ठेवते! ओसरीवर पाच-सहा पोरं बसवायची आणि मुलीला म्हणायचं, जा, ह्यांच्याशी बोल. जिच्याकडं पोरं सरकतील ती आपली. न आणि ण मी नंतर शिकवला, चांगला दटावून शिकवला; पण आधी पोरी आत घेतल्या. तुम्ही त्यांतल्या निम्म्या घरी धाडल्या असत्यात. त्या आज माणदेशात, जतकडं शाळा चालवतात. बोला आता!

हे पत्र कुठं टाकणार? पेटीत लुगड्याखाली ठेवून देते. फक्त एक सांगते, ते तुमच्या-माझ्यात राहू द्या. लिहून झाल्यावर मी लाल पेन्सिल घेऊन बसले आणि सगळे न, ण तपासले. एका जागी ‘वळण’चं ‘वळन’ झालं होतं. गुपचूप नीट केलं.