मावशीनं घासलेला मुखवटा

प्लेनो, ३ मार्च २०२५

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

तुझे काका गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. म्हणून शनिवारी शेजारच्या मोनाबरोबर एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं त्या इस्टेट सेलला गेले आणि बाईच्या चेहऱ्याचा लाकडी मुखवटा घेऊन आले. आफ्रिकेतला आहे, एवढंच कळलं. वर काळं चिकट पुट होतं. गौरींचे मुखवटे बसवण्याआधी घासतो तसा रिठ्यानं घासून लख्ख केला, खोबरेल लावलं. सकाळी चहा घेताना तिच्याशी चार शब्द बोलते. हसू नकोस.

तुझ्या ऑफिसातला इरिए आयव्हरी कोस्टचा ना? सोबतचा फोटो दाखवून विचार, ही कोण?

तुझी चौकस मावशी

जर्सी सिटी, १४ मार्च

ती. सुलभामावशीस सा. न. वि. वि.

फोटो पाहून इरिए उठून उभाच राहिला. तो गुरो समाजाचा. त्यांच्याकडे झांब्ले हा मुखवटा आधी नाचतो, मग त्याची ही बायको. शोभेची वस्तू नव्हे गं, तिच्यात शक्ती वसते, ती गावाला जपते. तू खरवडलंस तो वर्षानुवर्षांचा नैवेद्य होता: अंडी आणि कोंबडीचं रक्त! आता हात किती वेळा धुशील?

चेष्टा पुरे. इरिएचे काका गावचे मुखवटे सांभाळतात. त्यांतला असाच एक चोरीला गेलाय. त्याच्या आतून, हनुवटीपाशी, तारेनं शिवलेली भेग होती. बघशील? मी काही मागत नाही, असं तो दोनदा म्हणाला. घासल्यानं शक्ती गेली का, हे त्यानं काकांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, रुसली असेल, नैवेद्यानं परत येईल. मात्र जिनं घासलं तिनं आधी माफी मागावी.

लोभ आहेच, रागावू नकोस.

तुझी नेत्रा

प्लेनो, २२ मार्च

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

पत्र येऊन चार दिवस झाले, पण मुखवटा उलटायचा धीर होईना. भेग नसावी असं फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आज उलटला. तार आहे.

तिची माफी मागितली, रडलेही. मग पाठवणीच्या मुलीची भरतात तशी ओटी भरली. हळदकुंकू मात्र लावलं नाही, आधीच पुष्कळ करून बसलेय. तिला खोक्यात घालून धाडणार नाही, शनिवारी स्वतः घेऊन येते. इरिएला कळव.

तिच्यावाचून सकाळ जड जाईल. पण तिकडे तिचा नवरा एकटाच नाचत असेल, आणि एकटं राहणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको.

माया अशीच राहू दे.

तुझी मावशी